खडूची फुली

सगळ्यात आधी कुकरची शिट्टी गेली. मिस्त्रीने बायकोला दोनदा सुनावलं, की कुकर बिघडलाय, नुसतीच वाफ जाते, शिट्टी होतच नाही. मग एका रविवारी स्वतःच झाकण घेऊन बसला, नळी सुईने साफ केली आणि वर "वस्तू नीट ठेवायला काय होतं?" असा आहेरही दिला. बायको ओट्याला टेकून उभी होती. शिट्टी साफ करण्याआधीही होत होती आणि नंतरही झाली. तिने झाकण त्याच्या हातातून घेऊन कुकरवर बसवलं.

मग दाराची घंटा गेली, मग मोबाइलचं वाजणं, मग पहाटेची पाखरं. कोणी समोर उभं राहून बोललं तर कळायचं, ट्रकचा हॉर्न यायचा, हातोडीचा घाव तर कवटीत घुमायचा. बारीक आवाज तेवढे एकेक करून निघून गेले होते. उभं आयुष्य पत्र्याच्या छपराखाली सायलेन्सर काढलेली इंजिनं फिरवल्यावर दुसरं काय होणार? समोरच्या लेथवाल्याने एकदा मागून हाक मारली आणि मिस्त्री वळला नाही, तेव्हा त्याने सांगितलं, "लक्ष नव्हतं रे." पुढे हेच उत्तर घरीदारी सगळीकडे चालायला लागलं.

आता कान जाणं हे काही पाप नव्हे. शिंप्याला चष्मा लागतो, ड्रायव्हरची कंबर जाते, कोणी त्यांना नावं ठेवत नाही. पण मिस्त्रीचं पोटच कानावर होतं. लोक त्याला कानसेन म्हणत, आणि ते थट्टेने नव्हे. त्याची कामाची रीतच अशी, की इंजिन खोलायच्या आधी ते ऐकायचं. गाडी चालू ठेवायची, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं अख्खं इंजिन तपासायचं. जिथे दुखणं ऐकू येईल तिथे खिशातल्या खडूने फुली मारायची. फुली असेल तेवढंच खोलायचं. फुली नसेल तिथे पाना लावायचा नाही.

गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं. दुसरे मेकॅनिक सरसकट इंजिन उघडून सगळं टेबलावर पसरायचे. मिस्त्री म्हणायचा, "गुडघा दुखतो म्हणून कोणी पोट फाडतं का?" ज्याची ऐपत बेताची तो डोळे झाकून त्याच्याकडे यायचा. गेल्या हिवाळ्यात चौकातला शिंपी आपली पिस्ता रंगाची स्कूटर घेऊन आला, तो असाच. मिस्त्रीने सिलिंडरवर एक फुली मारली, पिस्टन बदलून दिला, इंजिनाची खालची पेटी उघडलीसुद्धा नाही. शिंप्याने खूश होऊन त्याला एक शर्ट शिवून दिला.

कुकरची शिट्टी त्या हिवाळ्याच्या आधीच गेली होती. मिस्त्रीला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याने मनाची एक सोयीस्कर समजूत घालून घेतली होती: घरातला कान वेगळा, गॅरेजातला वेगळा. इंजिन हाडातून ऐकायचं असतं, त्याला कुकरबिकरचे कायदे लागू नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस स्वतःला फसवायला बसला, की त्याच्याइतका गुणी शिष्य शोधून सापडत नाही.

त्याला लेक एकुलती एक. रक्त तपासायचं शिकलेली, आणि तिला घाटाखालच्या इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सकाळी जायला बस होती, पण ड्यूटी संपेपर्यंत परतीची शेवटची बस निघून गेलेली असायची. म्हणजे घाट उतरायला आणि चढायला स्वतःची गाडी हवी. नवी घेणं घरात कुणालाच झेपणारं नव्हतं. तेव्हा मिस्त्रीने एका जुन्या गिऱ्हाइकाच्या अंगणात धूळ खात पडलेली निळी स्कूटर भंगाराच्या भावात उचलली. जुन्या धाटणीची, डाव्या मुठीत क्लच आणि गिअर असलेली. पत्रा दणकट होता. इंजिनाने मात्र राम म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. चढ आला की ती धापा टाकायची आणि मागे निळा धूर सोडायची.

"लेकीसाठी बांधतोय," तो गल्लीभर सांगत सुटला. "नव्या गाडीच्या तोंडात मारेल."

जेवताना बायको समोर येऊन बसली. "अहो, माझ्याकडे थोडे साठलेत. सगळंच इंजिन उघडा. वरचं, खालचं, जे काय असेल ते नवं घाला. घाटाचा रस्ता आहे."

"खालच्याला काय धाड भरलीय? गरज नसताना पैसा घालायचा, तर मग मी कशाला आहे?"

"पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून म्हटलं."

"आधी ऐकतो. मग ठरवू."

यावर तिने मान डोलावली. नवरा घरात ऐकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर ती त्याच्यासमोर येऊन, तोंड त्याच्याकडे करून बोलत होती. पण गॅरेजात तो ऐकतो, यावर तिचाही विश्वास होता. त्याच कानावर तर त्यांचं घर उभं राहिलं होतं.

मिस्त्रीने निळी स्कूटर गॅरेजच्या मधोमध स्टँडवर घेतली, बाजूचं झाकण काढलं, किक मारली. स्क्रू-ड्रायव्हर सिलिंडरवर टेकवला. ठक, ठक, ठक. पिस्टन ढिला होऊन आतल्या भिंतीवर आपटत होता. जाड, ओळखीचा आवाज. मिस्त्रीला इतकं बरं वाटलं, की आजार सापडल्याचं दुःखच झालं नाही. त्याने ठसठशीत फुली मारली.

मग टोक खाली सरकवलं. खालच्या पेटीत क्रँक, म्हणजे पिस्टनचा जोर चाकाकडे नेणारा दांडा, दोन बेअरिंगांवर फिरतो. त्यांतल्या क्लचच्या बाजूच्या बेअरिंगावर त्याने टोक ठेवलं. इथलं दुखणं बारीक बोलतं. बेअरिंग झिजलं की आधी शीळ घालतं, मग कण्हतं आणि मग एके दिवशी फुटतं. फुटलं की क्रँक जागच्या जागी अडकतो आणि धावत्या स्कूटरचं मागचं चाक एकदम थांबतं. हे मिस्त्रीला कोणी शिकवायची गरज नव्हती. उमेदीच्या काळात अशी एक गाडी त्याने रस्त्यावरून उचलून आणली होती. ती चालवणाऱ्याला उचलायला दुसरेच लोक आले होते.

तो थांबून राहिला. काही नाही. सगळं शांत. त्याने टोक काढलं, मूठ शर्टाला पुसली, पुन्हा टेकवलं. पुन्हा शांत. लेथवाला समोरच काम करत होता, हाक मारायचाच अवकाश. पण हाक मारून म्हणायचं काय? जरा तू ऐक रे, मला येत नाही? मिस्त्रीने घाईघाईने इंजिन बंद केलं.

शांत इंजिन म्हणजे धडधाकट इंजिन, हा त्याचा आयुष्यभराचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. पण आताची शांतता इंजिनातली की कानातली, एवढं विचारायला एक माणूस पुरला असता. ते त्याच्याने झालं नाही. खालच्या पेटीवर फुली पडली नाही.

काम मात्र त्याने जीव ओतून केलं, ते नाकारून चालणार नाही. हेड उतरवलं, सिलिंडर आतून कातून घ्यायला लेथवाल्याकडे बोअरला दिला, पुढच्या मापाचा पिस्टन आणला, रिंगांच्या फटी पुन्हा पुन्हा मोजल्या. ओरखडा पडू नये म्हणून काजळी लाकडी पट्टीने खरवडली. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून भोकन् भोक साफ केलं. क्लचची केबल जुनी पण धड होती, ती तेल सोडून लोण्यासारखी मऊ केली. जे टिकेल ते टिकवायचं आणि जे गेलंय तेवढंच बदलायचं, हा त्याचा धर्म होता आणि तो त्याने अक्षरशः पाळला.

लेथवाला बोअर केलेला सिलिंडर घेऊन आला, तेव्हा त्याने वाकून पाहिलं. "खालचं नाही उघडलंस?"

"फुली नाही."

"वर नवा जोर येणार आणि खाली जुनीच हाडं. झेपेल का?"

"अरे, मी ऐकलंय."

लेथवाल्याने सिलिंडर बाकावर ठेवला आणि गेला.

बांधून झालेली गाडी पहिल्यांदा सुरू करायची होती त्या दिवशी सगळे गॅरेजसमोर जमले. सगळे म्हणजे बायको, लेक आणि लेथवाला. दुसऱ्याच किकला स्कूटर बोलली. धूर नाही, ठकठक नाही. मिस्त्रीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याच क्षणी त्या तिघांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. बायकोच्या कपाळाला आठी होती, लेथवाल्याने मान कलती केली होती, लेकीचे ओठ काहीतरी विचारायला उघडले होते. मिस्त्रीला वाटलं, कौतुकाने यांना शब्द सुचत नाहीयेत. तो तोंडभर हसला. तो हसला म्हणून मग ते तिघेही हसले.

खरं तर तिघांच्याही कानात शीळ जात होती. बारीक, न तुटणारी, इंजिनाच्या पोटातून येणारी. पण ज्याला ऐकायचं कळतं तो हसतोय, मग आपण कोण टिकोजीराव? इंजिनाच्या बाबतीत स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायची त्या घरातच नव्हे, त्या गल्लीतही कुणाला सवय उरली नव्हती. लेथवाला तर हात झाडून स्वतःवरच चरफडला, की उगाच आपण शहाणपणा शिकवायला गेलो.

नवा पिस्टन घासून नीट जागी बसेपर्यंत लेकीने सपाट रस्त्यावर, हळू गाडी चालवायची, असं ठरलं. मिस्त्री फाटकाशी उभा राहून बजावायचा, "डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर."

"कायम कशाला, बाबा?"

"नवा पिस्टन आहे. तापला की कधी धरतो, आतच अडकतो. इंजिन धरलं तर विचार करायचा नाही, ब्रेकसुद्धा नंतर. आधी क्लच. क्लच दाबला की चाक सुटतं."

"आणि नाही दाबला तर?"

"दाबायचा."

तो स्वतः मागे बसायचा आणि मध्येच तिच्या पाठीवर थाप मारायचा. थाप पडली की क्लच. लेक कंटाळून म्हणाली, "झोपेतसुद्धा बोटं क्लचवर असतात माझी आता." मिस्त्रीला समाधान वाटलं. आपण काही कसर ठेवली नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं.

एकदा हेल्मेट चढवता चढवता ती काहीतरी बोलली. तिचे ओठ हेल्मेटच्या आत गेले होते.

"हो, हो. होईल सवय," मिस्त्री म्हणाला. हे उत्तर बहुतेक प्रश्नांना चालतं. लेकीने मान डोलावली आणि गाडी काढली.

नोकरीच्या पहिल्या दिवशी लेक डबा घेऊन, बॅग आडवी अडकवून निघाली. आईच्या पाया पडली, बाबांकडे पाहून डाव्या हाताची दोन बोटं नाचवून दाखवली. निळी स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली. मिस्त्री गॅरेजचं शटर वर करत होता, तेवढ्यात बायको फिरून त्याच्यासमोर आली.

"अहो, ती शीळ किती दिवस असते?"

"कसली शीळ?"

"गाडीची. नव्या इंजिनाची असते ना ती? पोरीने विचारलं तर तुम्हीच म्हणालात म्हणे, होईल सवय."

मिस्त्रीचा हात शटरवरच राहिला. "कशी येते? कशी शीळ?"

बायको गोंधळली. मग तिने ओठ आवळले आणि बारीक, लांब शीळ घालून दाखवली. मिस्त्रीने तिचे ओठ पाहिले, गळ्याची ताणलेली शीर पाहिली. आवाज आला नाही.

"आणि काल संध्याकाळी जरा..." ती म्हणाली, "म्हणजे मला तसं वाटलं, कण्हल्यासारखी येत होती."

त्याने फोन लावला आणि बायकोच्या हातात कोंबला, कारण पलीकडे वाजतोय की नाही हेही त्याला कळत नव्हतं. वाजत होता. बॅगेत वाजत असणार, कोण उचलणार? त्याने दुरुस्तीला आलेली एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल ढकलतच बाहेर काढली आणि बसला. हेल्मेट नाही, पायात गॅरेजातल्या चपला. बायको मागून काहीतरी ओरडली. ते त्याला कळलं नाही आणि त्याने वळूनही पाहिलं नाही.

घाट सुरू झाला. एरवी या रस्त्यावर त्याला काय काय ऐकू यायचं, ते आठवायचा तो प्रयत्न करत होता. झाडांची सळसळ, दरीतून येणारं पाणी. आता फक्त मोटारसायकलची जाड धडधड होती आणि तिच्याभोवती कापूस कोंबल्यासारखी ती शांतता. प्रत्येक वळणाआधी त्याला वाटे, या वळणापलीकडे असेल. पलीकडे रिकामा रस्ता दिसे आणि त्याला बरंही वाटत नसे, कारण पुढे आणखी वळण असे. ज्या कानाच्या जिवावर आपण गल्लीत मिरवलो तो कान आणि आपली पोर, या दोघांत आपण कोणाला वाचवलं, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याची त्याला लाज वाटली आणि त्याने मूठ आणखी पिळली.

उताराच्या सरळ पट्ट्यावर त्याला रस्त्यावर काळी रेघ दिसली. टायरची. अडकलेलं चाक घासत गेलं की अशी रेघ उमटते. ती रस्त्याच्या मध्यापासून सुरू होऊन तिरपी होत दरीकडे निघाली होती. मिस्त्री तिच्या बाजूने हळूहळू पुढे गेला. डोळे तिच्यावरून उचलायची त्याची हिंमत होईना. आणि कठड्याच्या अलीकडे रेघ मध्येच संपली. कापल्यासारखी. चाक सुटलं होतं. कोणीतरी क्लच दाबला होता.

पुढे कठड्याला घासून निळी स्कूटर आडवी पडली होती. लेक दगडावर बसली होती. बाही फाटलेली, कोपर सोललेलं, हेल्मेट मांडीवर. तिची डावी मूठ अजून आवळलेलीच होती.

मिस्त्रीला तिच्याकडे पाहवेना. माणूस अशा वेळी आपल्या कामाच्या आडोशाला जातो. तो सरळ स्कूटरपाशी गेला, गुडघ्यांवर बसला, किक हाताने दाबून पाहिली. दगडासारखी घट्ट. बाजूचं झाकण काढून त्याने खालच्या पेटीवर तळवा ठेवला. पेटी अजून पोळत होती. वर सिलिंडरवर त्याने मारलेली फुली धूळ आणि तेल बसूनही पुसटशी दिसत होती. खाली काहीच नव्हतं.

खांद्यावर हात पडला तसा तो दचकला. लेक मागे उभी होती.

"तीन हाका मारल्या मी, बाबा."

"लक्ष..." तो म्हणाला आणि थांबला. ते उत्तर जिभेवर तयार होतं. त्याने ते गिळलं. "ऐकू आलं नाही."

तिने त्याच्या तळव्याखालच्या पेटीकडे पाहिलं.

"येत नाही ऐकू. वर्ष होऊन गेलं. बारीक काहीच येत नाही. हेही आलं नाही." त्याने पेटीवरचा तळवा उचलला नव्हता.

"मला येत होतं," लेक म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, ते त्याला तिच्या हनुवटीवरून कळलं. "पहिल्या दिवसापासून येत होतं. आईलाही येत होतं. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

त्याने तिला जवळ घेतलं. बापलेक दोघंही रडले, रस्त्याच्या कडेला, उघड्यावर. एक टेम्पो हळू होऊन पुढे गेला. लेकीच्या केसांत पेट्रोलचा वास येत होता. मिस्त्रीने देवाचे आभार मानायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं, कारण लेकीच्या खांद्यावरून त्याला खालच्या वळणावर पिस्ता रंग दिसला.

शिंपी सासुरवाडीहून परत येत होता. मागे त्याची बायको बसलेली, तिच्या मांडीवर कपड्यांचं बोचकं. स्कूटर चढ चढत होती, तब्येतीने, धूर न सोडता. शिंप्याने दुरूनच मिस्त्रीला ओळखलं आणि हात केला. मिस्त्रीच्या अंगावरचा शर्ट त्याच्याच हातचा होता.

मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे हिवाळ्यातलं ते इंजिन उभं राहिलं. एकच फुली. आणि मग त्याच्या मागे बाकीची, वर्षभरातली. कुणाची दूध घालायची, कुणाची पोरांना शाळेत सोडायची, एखादी नवीन लग्न झालेल्या जोडप्याची. सगळी या क्षणी कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर होती आणि चालवणाऱ्या सगळ्यांना मिस्त्रीने ऐकलंय याची खात्री होती.

पिस्ता स्कूटर जवळ आली. मिस्त्रीला फक्त जाड फटफट ऐकू आली. त्याने लेकीचे खांदे धरून तिला रस्त्याकडे वळवलं.

"काय म्हणतेय ती?"

लेकीने डोळे पुसले आणि मिटले. मान थोडी कलती केली, अगदी त्याच्यासारखी.

"शीळ घालतेय, बाबा."

मिस्त्रीने खिशातला खडू काढून तिच्या हातात दिला आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले.